टिंब वर की खाली?

‘सा’च्या डोक्यावर टिंब दिलेलं असेल तर तो कुठला सा? पेटीच्या क्लासला दोन महिने जाऊन आलेलं कुठलंही पोर सांगेल, तार सप्तकातला, वरचा. टिंब पायाशी असेल तर मंद्र, खालचा. झालं. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आता हेच टिंब आठशे वर्षं मागे नेऊ. देवगिरीचे यादव, राजा सिंघण, साधारण १२१० ते १२४७ चा काळ. दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी आहे. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल राज्याच्या जमाखर्च खात्यात मोठ्या पदावर. (म्हणजे घरात सरकारी नोकरी आणि पोराला नाद गाण्याचा. आठशे वर्षांत फारसं काही बदललेलं नाही. :) ) हा शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहितो. सात अध्याय, स्वरापासून नृत्यापर्यंत सगळं, एकूण २६४ राग, आणि त्यातल्या बऱ्याच रागांच्या चाली चक्क सा, रि, ग, म अशा अक्षरांत मांडलेल्या. त्या कशा वाचायच्या याचा नियमही तो देतो. अक्षराच्या डोक्यावर टिंब असेल तर मंद्र, उभी रेघ असेल तर तार.

डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र! आपल्या बरोब्बर उलट. आणि उभी रेघ? ती आजही आहे, पण मध्यमाच्या डोक्यावर आणि अर्थ ‘तीव्र’. चिन्हं तीच, अर्थ सगळे फिरलेले.

आयटीवाल्यांना हे लगेच कळावं. श्रीलिपीत टाईप केलेली जुनी फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की स्क्रीनभर किडे-मुंग्या दिसतात. त्यात एक बरं असतं, काहीतरी बिघडलंय हे निदान कळतं. शार्ङ्गदेवाच्या पानावर किडे-मुंग्या दिसत नाहीत. सा रि ग म स्वच्छ दिसतात. तुम्ही पेटी काढता, वाजवता, काहीतरी वाजतंही, आणि ते साफ चुकीचं असतं. एरर मेसेज नाही, क्रॅश नाही. आपल्या धंद्यात याला सायलेंट बग म्हणतात आणि त्याच्याइतकं आपण कशालाच घाबरत नाही.

टिंबाचं निदान लिहून ठेवलंय. याहून भारी भानगड स्वरांची आहे. जरा गणित करू, सोपं आहे. सप्तकाच्या २२ श्रुती, आणि त्यांची वाटणी अशी: सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नि २. बेरीज २२, ठीक. आता प्रश्न असा की सा आपल्या चार श्रुतींपैकी नेमका कितव्या श्रुतीवर बसतो? पहिल्या की शेवटच्या? जुने ग्रंथकार म्हणतात शेवटच्या. मग सा पासून ग पर्यंतचं अंतर रे च्या ३ आणि ग च्या २ मिळून ५ श्रुती होतं. हा झाला आपला कोमल ग. तसाच नि सुद्धा कोमल. म्हणजे शार्ङ्गदेवाचं ‘शुद्ध’ सप्तक आजच्या काफीच्या जवळ जातं. आजच्या पद्धतीत मात्र स्वर आपल्या वाट्याच्या पहिल्या श्रुतीवर धरला जातो. मग सा पासून ग पर्यंत ४ अधिक ३, म्हणजे ७. हा शुद्ध ग. नि सुद्धा शुद्ध. सप्तक झालं बिलावल.

पाहिलंत? इंडेक्स सुरुवातीला धरायचा की शेवटी, एवढ्याशा फरकाने आख्खा राग बदलला. ऑफ-बाय-वन एरर हा काय फक्त सी शिकणाऱ्या सेकंड इयरच्या पोरांचा मक्ता नाही.

तर मुद्दा असा, की अशा टिंबांवर आणि श्रुतींवर आख्खं आयुष्य घालवणारी माणसं असतात. मध्ययुगीन स्वरलिपीचे अभ्यासक. हीच त्यांची करिअर. आणि हे ऐकल्यावर आमच्या बोदवडला पहिला प्रश्न काय येईल ते मला पाठ आहे: “काय उपयोग भो त्याचा?”

हा प्रश्न मला अजिबात मूर्ख वाटत नाही. कापसाच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं, त्या घराने हा प्रश्न विचारायलाच हवा. बारावी सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग पुणं, ही आमच्याकडची ठरलेली लाईन आहे आणि तिने बऱ्याच घरांवर पक्की छतं घातली आहेत, माझ्याही. पण उत्तर ‘काही उपयोग नाही’ असं नाही, एवढंच मला आज सांगायचंय. त्यासाठी एका वकिलाची गोष्ट सांगावी लागेल.

विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबई, वाळकेश्वर. १८८५ ला बीए, १८८७ ला एलएलबी. तेव्हाचं इंजिनिअरिंगच म्हणा ना! वकिली सुरू, शिवाय मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत गाणं शिकणं-ऐकणंही चालू. १९०० साली बायको गेली, १९०३ ला मुलगी गेली. त्यानंतर या माणसाने स्वतःला पुरतं गाण्याच्या अभ्यासात लोटून दिलं. १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा, मद्रास, तंजावर, मदुरै, एट्टयपुरम. मग नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. १९०८ ला अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर. सोबत प्रश्नांची यादी. जिथे जाईल तिथे पंडितांना, उस्तादांना गाठायचं, पोथ्या बघायच्या, उतरवून घ्यायच्या. आणि रोजच्या रोज डायरी लिहायची.

हे सगळं कशासाठी? तर तेव्हा (आणि आत्ताही!) जो तो म्हणे, आमचं गाणं थेट शास्त्रातून आलंय, रत्नाकरात आहे तेच आम्ही गातो. भातखंडे वकील. त्यांचा प्रश्न साधा होता. बरं, मग रत्नाकरातला हा राग आज कसा गातात ते दाखवा. शुद्ध स्वर कुठले ते सांगा. रत्नाकराचा जयजयकार करणारे त्यांना जागोजागी भेटले, पण तो उलगडून दाखवणारा माणूस काही भेटला नाही.

इथे हा माणूस मला मोठा वाटतो. दोन सोपे रस्ते त्याच्यासमोर होते. एक, आपणही जयजयकारात सामील व्हायचं. दुसरा, पोथ्या गुंडाळून ठेवायच्या आणि ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यांनी तिसराच रस्ता धरला. रत्नाकराच्या काळचं गाणं आणि आजचं गाणं यांच्यात तुटलेला दुवा आहे, तो आहे असं खोटं सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि मग आज जे प्रत्यक्ष गायलं जातं त्याचं शास्त्र त्यांनी लिहिलं. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचं नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेलं गाणं. मग १९१० ते १९३२ या काळात मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चार भाग, आणि तेही गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. (जगातली सगळ्यात मोठी एफएक्यू असावी!) शिवाय ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग, सुमारे अठराशे बंदिशी, सगळ्या स्वरलिपीत. १९१६ ला बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, १९२६ ला लखनौचं मॅरिस कॉलेज. १९३६ मध्ये ते गेले. आपण क्लासमध्ये जी टिंबं शिकतो ती याच माणसाची.

या खटाटोपात त्यांनी मधल्या काळातले कितीतरी ग्रंथ शोधून छापून घेतले. त्यातलं एक नाव कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. ‘सद्रागचंद्रोदय’, लेखक पुंडरीक विठ्ठल. हा सोळाव्या शतकातला कर्नाटकचा पंडित आणि त्याने हा ग्रंथ लिहिला तो खानदेशात! फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी भुसावळहून गाडीत बसलं की जेवणाच्या वेळेआधी पोचता येतं. पुढे हाच पुंडरीक उत्तरेत गेला, अकबराच्या काळात तिकडे ‘रागमाला’, ‘रागमंजरी’, ‘नर्तननिर्णय’ लिहिले. दक्षिणेतली ‘मेळ’ ही कल्पना, म्हणजे एका स्वरसप्तकाखाली रागांचे गट पाडणं, त्याने उत्तरेच्या रागांना लावून बघितली. साडेतीनशे वर्षांनी भातखंडे त्याच दिशेने जाऊन दहा थाट मांडतात. केळी आणि कापूस सोडून आमच्या खानदेशातून आणखी काय काय गेलंय याचा आम्हाला पत्ताच नसतो. शाळेत एका शब्दाने कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणार तरी कोण? कुणीतरी ती पोथी शोधायला हवी, वाचायला हवी, छापायला हवी. हाच तो ‘काय उपयोग’वाला माणूस.

हे काम एकट्या भातखंड्यांचं नव्हे. १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेला रत्नाकर छापला. अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड पुस्तकं घ्यायला आपण किती वेळा गेलो असू! आनंदाश्रम तिथून चार पावलांवर आहे. तमिळनाडूत कुडुमियानमलैच्या डोंगरावर दगडात कोरलेली स्वरलिपी आहे, सातव्या-आठव्या शतकातली. तिचं वाचन पी. आर. भांडारकर यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केलं. लंडनच्या सोआसमधल्या रिचर्ड विडेस यांनी वर्षानुवर्षं खपून गुप्तकाळापासून साधारण १२५० पर्यंतच्या स्वरलिप्यांवर पुस्तक लिहिलं, ते १९९५ साली आलं. प्रत्येकाने आधीच्याच्या खांद्यावर उभं राहून दोन टिंबं पुढे सरकवली.

युरोपातही अगदी हाच प्रकार. नवव्या-दहाव्या शतकातल्या ख्रिस्ती मठांत प्रार्थनेच्या शब्दांवर बारीक फराटे काढलेले असतात, त्यांना न्यूम म्हणतात. सूर वर गेला, खाली आला, वळला, एवढंच त्यातून कळतं. नेमका किती वर? ते लिहिलेलंच नाही. कारण गाणाऱ्या भिक्षूला चाल तोंडपाठ होती, फराटा फक्त आठवण करून द्यायला. अकराव्या शतकात गुइदोने रेघांवर सूर मांडायची पद्धत रुजवली तेव्हा कुठे न ऐकलेली चाल नुसती वाचून गाता यायला लागली. जुने फराटे मात्र मुके झाले. १८४७ साली फ्रान्समध्ये मॉँपेलिए इथे एक हस्तलिखित सापडलं, त्यात त्याच चालींवर फराटेही होते आणि स्वरांची अक्षरंही. दोन एन्कोडिंग शेजारी-शेजारी! अभ्यासकांना काय आनंद झाला असेल, विचार करा.

आता माझं म्हणणं. देवगिरी असो की युरोपातला मठ, लिहिणारा काय लिहितो? तर वाचणाऱ्याला जे माहीत नसेल असं त्याला वाटतं, तेवढंच. जे सगळ्यांनाच माहीत आहे ते कशाला लिहायचं? ‘शुद्ध ग’ म्हणजे कुठला, हे देवगिरीत रस्त्यावरचं पोरही जाणत असेल. शार्ङ्गदेव त्याची पट्टी कशाला देत बसेल? आणि नेमकं तेच हरवतं. अवघड गोष्टी टिकतात कारण त्या लिहिल्या जातात. सोप्या, उघड, ‘हे काय सांगायचं’ अशा गोष्टी शेवटच्या माणसाबरोबर जातात.

आपल्या कोडमध्ये वेगळं काय होतं? मी काम केलेल्या एका जुन्या सिस्टिममध्ये एका फंक्शनवर कमेंट होती: ‘हा नंबर बदलू नका’. नंबर होता ३७. का ३७? लिहिणारा केव्हाच सोडून गेला. त्या टीमला तेव्हा कारण एवढं उघड होतं की लिहायची गरजच वाटली नसणार. आम्ही चौघांनी आठवडा घालवून कारण शोधलं. कोडच्या इतिहासात शिरून, जुन्या मेल चाळून, जुळवून. आम्हाला त्याचा पगार मिळाला. भातखंडे हेच काम स्वतःच्या पैशाने आगगाडीतून फिरत करत होते. म्हणून ‘काय उपयोग’ला माझं उत्तर असं की तुटलेला दुवा कुठे तुटला हे नेमकं दाखवणं, हाच उपयोग. ते दाखवणारा नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो. ‘आमच्याकडे हे हजारो वर्षांपासून जसंच्या तसं आहे’ म्हणणाऱ्याला शांतपणे ‘पान दाखवा’ म्हणणारा एक तरी माणूस समाजाला परवडला पाहिजे.

भातखंड्यांना देव करायची गरज नाही हेही सांगतो. त्यांच्या दहा थाटांत बरेच राग ओढूनताणून बसवावे लागतात. त्यांच्या लिपीत मींड, आंदोलन, गमक यांचा नुसता सांगाडा उरतो. पलुस्करांची स्वरलिपी वेगळी होती, बारकावे जास्त पण छापायला आणि शिकायला किचकट. सोपं फॉरमॅट जिंकलं, नेहमीसारखंच. आणि ज्या उस्तादांच्या घरांतून त्यांनी बंदिशी गोळा केल्या त्यांच्याबद्दल, विशेषतः त्यांच्या अक्षरओळखीबद्दल, त्यांचा सूर बऱ्याचदा तुच्छतेचा असे. जानकी बाखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या पुस्तकात याची चांगली झाडाझडती घेतली आहे. ज्याच्या गळ्यात शेकडो बंदिशी आहेत त्याला ‘अडाणी’ म्हणणं म्हणजे सर्व्हरला कीबोर्ड नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे. असो.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने खरा. पोथ्यांवर काम करणारी माणसं आहेत, थोडी का होईना. पण पोथीतसुद्धा न गेलेल्या गाण्याचं काय? बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ ला त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं, कारण मुलाने, सोपानदेवांनी, शब्द उतरवून ठेवले. महाराष्ट्र त्या गाण्यांना पुढे गुणगुणायला लागला तो वसंत पवारांच्या किंवा यशवंत देवांच्या चालींवर. उत्तम चाली आहेत, वाद नाही. पण स्वतः बहिणाबाई जात्यावर बसून ज्या सुरात म्हणत असतील तो सूर पुस्तकाच्या पानावर नाही. वहीत शब्द उतरले. सूर कसा उतरवायचा हे घरात कुणाला माहीत असणार? आणि तेव्हा तो ‘काय लिहायचा, सगळ्यांनाच येतो’ असाच असणार.

आमच्या बोदवड-मुक्ताईनगर भागात लेवा बोलीतली लग्नाची गाणी आहेत, पलीकडे अहिराणीत कानबाईची गाणी आहेत, वहीगायन आहे. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांच्या गळ्यात ती अजून आहेत. घरी जातं उरलेलं नाही, असलं तरी शोभेला. दळण गिरणीत गेलं तसं गाण्याचं निमित्तही गेलं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून, गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्याबरोबर १९९० च्या दशकात बर्नार बेल हा फ्रेंच संगणकतज्ज्ञ रेकॉर्डिंगला होता (हो, आपल्यातलाच एक!). आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ज्याला वाटतं की हे काम आपलं नाही, त्याने एकदा त्या ऐकाव्यात.

तुमच्या-माझ्यापैकी कुणी नोकरी सोडून पोथ्या वाचायला बसणार नाही, मला माहीत आहे. ईएमआय मलाही आहे. पण पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फोन काढून आजीचं, मावशीचं, शेजारच्या काकूंचं एक गाणं रेकॉर्ड करा. आणि नुसतं रेकॉर्ड करून थांबू नका. त्याच्याखाली उघड वाटणाऱ्या गोष्टी लिहा. हे कधी म्हणतात, कोण सुरुवात करतं, कोण मागून म्हणतं, हात काय करत असतात, श्वास कुठे घेतात, सासरचं की माहेरचं, कुठल्या गावाहून आलं. फाईलला ‘न्यू रेकॉर्डिंग ४’ असं नाव देऊ नका, नाव-गाव-तारीख घाला. आजी म्हणेल, “हे काय लिहितोस, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.” तेच आधी लिहा.